तारेचे बळ आणि खाडीवरचे पूल

रेवस ते रेड्डी हा सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा सागरी महामार्ग कोकणाने कित्येक दशके कागदावरच पाहिला. आता रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी यांसारख्या खाड्यांवरील मोठ्या पुलांची कामे हाती घेण्यात आल्याने, बोटीच्या आणि वळशाच्या प्रवासाऐवजी सलग किनारी रस्त्याची आशा बळावली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातील मसुरे परिसराला पुलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. भरतगडाच्या पायथ्याशी, गड नदीच्या काठी वसलेले हे गाव. नदी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. गावच्या आंगणेवाडीत श्री भराडी देवीच्या वार्षिक जत्रेला लाखो भाविक येतात आणि त्यांतील बहुतेकांना वाटेत कुठली ना कुठली नदी, ओढा वा खाडी ओलांडावीच लागते. रुग्णालय असो, रेल्वे स्थानक असो किंवा मासळीचा बाजार असो, या पट्ट्यातील जनजीवन पुलांवर आणि साकवांवर अवलंबून आहे.

पुलांची सार्वजनिक चर्चा मात्र निविदा, भूसंपादन, खर्चवाढ आणि श्रेयवाद यांपलीकडे क्वचितच जाते. आजचे मोठे पूल ज्या एका वस्तूच्या आधारावर उभे राहतात, तिचा उल्लेखही या चर्चेत येत नाही. ती वस्तू म्हणजे थंड अवस्थेत ओढून तयार केलेली पोलादी तार. सामान्य लोखंडी सळईच्या तीन-साडेतीन पट ताण सोसणारी ही तार आली नसती, तर खाडीवर शंभर-दीडशे मीटरची गाळी टाकणे परवडलेच नसते. परंतु हे बळ खाणीतून आयते मिळालेले नाही. ते पोलादाच्या अंतर्रचनेत घडवून आणलेले आहे. आणि ज्या प्रक्रियेने ते येते, त्याच प्रक्रियेमुळे तार खाऱ्या हवेत अधिक जपावी लागते. समुद्रकाठी पुलांची नवी मालिका उभी राहत असताना हा दुहेरी स्वभाव समजून घेणे केवळ अभियंत्यांचे काम नाही. त्या पुलांवरून जाणाऱ्या आणि त्यांचा खर्च भरणाऱ्या नागरिकांचेही आहे.

जंतरातून निघणारे बळ

तार ओढण्याची कला आपल्याकडे सोनारांनी पिढ्यानपिढ्या जपली. क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांची पोलादी पट्टी, म्हणजे जंतर, आणि तिच्यातून सांडशीने खेचली जाणारी सोन्या-चांदीची तार हे दृश्य जुन्या पेठांतून नवे नव्हते. तार काही वेळा ओढली की ती कडक होते, मग ती तापवून मऊ करावी लागते आणि पुन्हा ओढावी लागते, हेही सोनाराला ठाऊक असते. आधुनिक तार कारखान्यात तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की, तेथे हा कडकपणा घालवायचा नसतो; तोच मुद्दाम कमवायचा असतो.

पुलांच्या तारेसाठी सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले पोलाद निवडले जाते. गरम लाटून केलेली सळई तेजाबाने वा अन्य मार्गाने साफ केली जाते, तिच्यावर फॉस्फेटचा थर दिला जातो आणि वंगणाच्या साहाय्याने ती टंगस्टन कार्बाइडच्या अतिकठीण डायमधून खेचली जाते. एका डायमध्ये तारेचा छेद साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी कमी होतो. असे आठ-नऊ टप्पे झाले की १२.५ मिलिमीटर व्यासाची सळई ५ मिलिमीटरची तार बनते. छेदाचे क्षेत्रफळ ८४ टक्क्यांनी घटते आणि एक मीटर सळईतून सव्वासहा मीटर तार निघते. या संपूर्ण प्रवासात पोलाद भट्टीत तापवले जात नाही, म्हणून यास थंड ओढकाम म्हणावयाचे.

आकडे बोलके आहेत. ओढण्यापूर्वी या सळईची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११५ ते १२५ किलो भार सोसण्याइतकी असते. ओढून झाल्यावर ती १९० किलोच्या आसपास पोहोचते. घराच्या स्लॅबमध्ये वापरली जाणारी एफई ५०० दर्जाची सळई याच मापाने सुमारे ५१ किलोला कायमची लांबू लागते. मधली एक सरळ तार आणि तिच्याभोवती पिळलेल्या सहा, अशा सात तारांचा १५.२ मिलिमीटरचा गोफ भारतीय मानकानुसार किमान साडेसव्वीस टन भार सोसून मगच तुटला पाहिजे. त्याचा धातूचा छेद असतो जेमतेम १.४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटभर जाडीचाही नाही.

पोलादाच्या आत काय घडते?

हे बळ येते कुठून, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. या पोलादाच्या अंतर्रचनेला पर्लाइट म्हणतात. तिच्यात दोन पदार्थांचे पातळ थर आलटून पालटून रचलेले असतात. एक फेराइट, म्हणजे जवळपास शुद्ध, मऊ आणि वाकणारे लोखंड. दुसरा सिमेंटाइट, म्हणजे लोखंड व कार्बन यांचे अतिशय कठीण, ठिसूळ संयुग. सुरळीच्या वडीचे अनेक पदर एकावर एक रचावेत, तशी ही ठेवण. फक्त एका पदरापासून पुढच्या पदरापर्यंतचे अंतर शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कित्येकशे पट कमी असते.

हे थर जितके बारीक, तितकी तार पुढे चांगली ओढली जाते. त्यासाठी १८५४ साली बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी उष्णताप्रक्रियेचे पेटंट घेतले आणि त्यावरूनच या प्रक्रियेला 'पेटंटिंग' हे काहीसे गमतीचे नाव चिकटले. पोलाद सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि मग पाचशे ते साडेपाचशे अंशांवरील वितळलेल्या शिशात झटकन बुडवायचे, अशी ही पद्धत. आज अनेक कारखान्यांत शिशाऐवजी नियंत्रित हवेच्या झोताने सळई थंड केली जाते. उद्देश एकच: बारीक, सारख्या पदरांचे पर्लाइट मिळवणे.

सुरुवातीला या पदरांच्या गठ्ठ्यांची दिशा वाट्टेल तशी असते. काही आडवे, काही उभे, काही तिरपे. तार डायमधून खेचली जाऊ लागली की हे गठ्ठे वळतात, वाकतात आणि हळूहळू तारेच्या लांबीच्या दिशेने रांगेत येतात. त्याच वेळी ते पातळ होत जातात. वर दिलेल्या उदाहरणात तारेचा व्यास अडीच पटींनी घटतो. ढोबळमानाने पदरांतील अंतरही त्याच प्रमाणात घटते आणि शंभर नॅनोमीटरचे चाळीसवर येते. एरवी काचेसारखे तडकणारे सिमेंटाइट इतके पातळ झाल्यावर मऊ फेराइटच्या कुशीत न तुटता ओढले जाते, ही या पोलादाची खरी किमया.

धातू वाकतो वा लांबतो, तेव्हा त्याच्या स्फटिकांतील अणूंच्या रांगांमधील दोष सरकत जातात. त्यांना शास्त्रीय परिभाषेत डिस्लोकेशन म्हणतात. मोठा गालिचा संपूर्ण ओढण्याऐवजी त्याला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसे हे सरकणे. ओढलेल्या तारेत या सुरकुत्यांना धावायला जागाच उरत नाही. प्रत्येक चाळीस नॅनोमीटरवर सिमेंटाइटची भिंत, शिवाय ओढण्याच्या प्रक्रियेत निर्माण झालेल्या असंख्य दोषांची आपापसांतील गुंतागुंत. सरकणे अवघड झाले की धातूचे लांबणे अवघड होते. यालाच आपण बळ म्हणतो. पदरांतील अंतर जसजसे घटते, तसतशी ताणशक्ती वाढते, हा संबंध प्रयोगांनी पुन्हा पुन्हा सिद्ध झाला आहे.

फार ओढल्यास याहून विलक्षण गोष्ट घडते. सिमेंटाइटचे पापुद्रे अंशतः विरघळू लागतात आणि त्यांतील कार्बनचे अणू फेराइटमध्ये शिरतात. मोटारीच्या टायरमधील केसासारख्या तारा या मार्गाने दर चौरस मिलिमीटरला तीनशे किलोच्या पुढे जातात. प्रयोगशाळेत अत्यंत बारीक तारांनी सातशे किलोच्या आसपास मजल मारल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

हे केवळ विज्ञानाचे कौतुक नव्हे. कोकण रेल्वेवरून धावणारी गाडी ज्या काँक्रीटच्या स्लीपरवरून जाते, त्यांचा प्रचलित ब्रॉडगेज नमुना घेतला, तर प्रत्येकात तीन तारांचे अठरा गोफ, म्हणजे ३ मिलिमीटरच्या ५४ तारा ताणून बसवलेल्या असतात. एका किलोमीटरला असे दीड हजारांहून अधिक स्लीपर लागतात. हिशेब केला तर एका किलोमीटर लोहमार्गाखाली दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची तार दडलेली आहे. झुआरी नदीवर २०२२ आणि २०२३ च्या डिसेंबरात दोन टप्प्यांत खुला झालेला नवा पूल काय किंवा २००९ मधील वांद्रे-वरळी सागरी सेतू काय, त्यांचे डोळ्यांत भरणारे तिरपे दोर याच जातीच्या तारांचे आहेत. राज्यात तारापूर, चाळीसगाव येथे तार व तारदोरांचे कारखानेही आहेत.

बळाची किंमत

निसर्गात काहीही फुकट मिळत नाही आणि तारेचे बळही त्यास अपवाद नाही. त्याची किंमत तीन बाबतींत मोजावी लागते.

पहिली बाब लवचिकपणाची. साधी सळई तुटण्यापूर्वी बरीच लांबते. स्लॅब झुकतो, भेगा पडतात, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. ओढलेल्या तारेने लांबण्याची आपली बरीचशी क्षमता कारखान्यातच खर्च केलेली असते. ती तुटते तेव्हा फारशी पूर्वसूचना देत नाही.

दुसरी बाब उष्णतेची. थंडपणी कमावलेले बळ तापवल्यास नाहीसे होते, कारण पापुद्र्यांची रांग मोडते आणि गुंतलेले दोष सुटत जातात. डायमध्ये घर्षणाने तार दोनशे अंशांच्या वर गेली तरी कार्बनच्या हालचालीमुळे ती ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून डाय आणि तार दोन्ही सतत थंड राखावे लागतात. आगीत तारेचे तापमान चारशे अंशांच्या आसपास गेले, तर तिची शक्ती निम्म्यावर येऊ शकते. कामाच्या जागी तर याहून साधी चूक घातक ठरते. जवळ वेल्डिंग करताना उडालेली ठिणगी ताणलेल्या तारेवर पडली, तर तेवढ्या ठिपक्यावर धातू तापून झटकन थंड होतो आणि काचेसारखा कडक बनतो. पुढे तार तेथूनच तुटू शकते. म्हणूनच अशा तारांजवळ वेल्डिंग वा गॅस कटिंग करू नये, असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे मात्र देखरेख करणाऱ्यावर अवलंबून असते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची: तार बारीक असते आणि आयुष्यभर ताणलेली असते. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये तारा आधी जोराने ताणून मग अडकवल्या जातात, जेणेकरून काँक्रीट कायम दाबाखाली राहावे आणि त्यास भेगा पडू नयेत. सर्व प्रकारची घट धरूनही अशा तारेत तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे साठ टक्के ताण रात्रंदिवस राहतो. पुलावर वाहन असो वा नसो. आता साधे गणित मांडू. ५ मिलिमीटरच्या तारेचा पृष्ठभाग सगळीकडून अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक गंजला की तिचा छेद ४० टक्क्यांनी घटतो, म्हणजे ती तुटण्याच्या उंबरठ्यावर येते. तितकाच गंज २५ मिलिमीटरच्या सळईला लागला, तर तिचा छेद जेमतेम नऊ टक्के कमी होतो. गंज तेवढाच, परिणाम मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा. मीठ तर पृष्ठभाग सगळीकडून सारखा खातही नाही. क्लोराइड एखाद्या ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पाडते आणि त्या खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो. गंजण्याच्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरला, तर तार छेद फारसा कमी न होताही अचानक तुटू शकते.

येथे ओढकामाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पदर लांबीच्या दिशेने रांगेत असल्याने आडवी जाणारी भेग त्यांच्यापाशी वळते आणि पदरांच्या कडेकडेने लांबीत पसरते. त्यामुळे तितक्याच बळाच्या, परंतु तापवून व तेलात विझवून कडक केलेल्या पोलादापेक्षा ओढलेली तार हायड्रोजनला अधिक दाद देत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातील १९७१ चा कारोला पूल ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे अंशतः कोसळला. तेथील तारा अशा विझवून कडक केलेल्या प्रकारच्या होत्या आणि हायड्रोजनमुळे पडणाऱ्या भेगांनी त्या आतून निकामी झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. ओढलेली तार म्हणूनच सर्वत्र पसंत केली जाते. पण अधिक सहनशील असणे म्हणजे अभेद्य असणे नव्हे.

गोव्यापासून मोरबीपर्यंत

मसुऱ्याहून सागरी मार्गाने दक्षिणेला निघाले की काही तासांत पणजी येते. तेथे ५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरील पूल कोसळला. त्याला बांधून दोन दशकेही झाली नव्हती. त्याच्या अपयशाच्या कारणांमध्ये पूर्वताण देणाऱ्या तारांचा गंज हे एक प्रमुख कारण मानले गेले. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या झुआरीवरील जुन्या पुलावर पुढे अवजड वाहनांना बंदी घालण्याची वेळ आली. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील १९७३ च्या पुलाची कथा याहून वेगळी नाही; तारांच्या गंजामुळे त्याच्या दुरुस्तीवर मोठा खर्च झाला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. या तिन्ही पुलांमधील समान धागा म्हणजे खारी हवा आणि काँक्रीटच्या पोटातील नळ्यांमध्ये दडलेल्या तारा. या नळ्या तार ताणून झाल्यावर सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने, पूर्ण भरायच्या असतात. उंचवट्याच्या ठिकाणी पोकळी राहिली की तेथे पाणी आणि हवा यांचा मुक्काम पडतो.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. वेल्समधील यनिस-इ-ग्वास येथील छोटा पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी कुठलीही बाह्य खूण न दाखवता पडला. त्यानंतरच्या तपासण्यांतून जे दिसले, त्याची धास्ती घेऊन ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या नळ्यांचे नवे पूल बांधण्यावर काही वर्षांची बंदीच घातली आणि नियम सुधारल्यावर ती उठवली.

आणि मग मोरबी. गुजरातमधील मच्छू नदीवरील झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला आणि अवघ्या चार दिवसांनी, ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ माणसे प्राणास मुकली. हा पूल काँक्रीटचा नव्हता. त्याचा मुख्य दोर उघड्यावर होता. सात तारांचा एक गोफ, असे सात गोफ, म्हणजे एकूण ४९ तारा. विशेष तपास पथकाला आढळले की त्यांपैकी २२ तारा अपघातापूर्वीच गंजून तुटलेल्या असाव्यात. म्हणजे दोराचा जवळपास ४५ टक्के भाग आधीच गेला होता आणि उरलेल्या २७ तारांच्या जिवावर शेकडो माणसे पुलावर उभी होती. जुन्या झुलत्या दांड्यांना नवे तुकडे वेल्डिंगने जोडल्याचेही याच तपासात नोंदले गेले. रंगरंगोटी झाली होती, फरशी बदलली होती. तारा मात्र कोणी उलगडून पाहिल्या नव्हत्या.

दिसणारा गंज आणि न दिसणारा

मालवण किनाऱ्याला पोलाद आणि मीठ यांच्या नात्याचा कटू अनुभव अगदी अलीकडचा आहे. राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंगमधील दोष यांची चर्चा चौकशीच्या निमित्ताने झाली. तेथील गंजलेले नटबोल्ट निदान डोळ्यांना दिसत होते. पुलाच्या पोटातील तारेची अडचण अशी की, ती दिसतच नाही.

आपली तपासणीची पद्धत मात्र मुख्यतः डोळ्यांवर अवलंबून आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरील दगडी पूल वाहून गेला, १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला; अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर 'सर्व पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट' करण्याचे आदेश निघतात. आदेश योग्यच असतात. परंतु दगडी कमान, लोखंडी सांगाडा आणि प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट यांची दुखणी वेगवेगळी आहेत. पहिल्या दोहोंत झीज बाहेरून बऱ्याच अंशी कळते. तिसऱ्यात बाहेरून रंगवलेला, गुळगुळीत, भेगविरहित गर्डर आतून पोखरलेला असू शकतो. कारण पूर्वताणाचे कामच भेगा मिटवून ठेवण्याचे आहे. जी व्यवस्था पुलाला मजबुती देते, तीच धोक्याची खूण झाकते. अशा वेळी दुर्बिणीतून पाहून भरलेल्या तक्त्याला ऑडिट म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

पाहण्याची तयारी हवी

उपाय नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. स्कॉटलंडमधील फोर्थ रोड ब्रिज हा झुलता पूल १९६४ साली खुला झाला. चाळीस वर्षांनी, २००४ मध्ये त्याचे मुख्य दोर प्रथमच उलगडून तपासण्यात आले. गंजामुळे त्यांची शक्ती आठ ते दहा टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. कोणतीही दुर्घटना घडलेली नसताना हा आकडा जनतेसमोर ठेवला गेला. दोरांत कोरडी हवा खेळवण्याची व्यवस्था बसवली गेली, आत एखादी तार तुटली तर तिचा आवाज टिपणारी यंत्रणा आली आणि शेजारी २०१७ मध्ये दुसरा पूल उभा राहिला. जपानच्या आकाशी-काइक्यो पुलाने तर १९९८ मध्ये खुला होतानाच कोरड्या हवेची सोय सोबत आणली. त्या पुलाच्या ५.२३ मिलिमीटरच्या तारेची गोष्टही उद्बोधक आहे. जस्ताचा थर देताना तार सुमारे साडेचारशे अंशांतून जाते आणि ओढून कमावलेले बळ गमावू लागते. जपानी धातुतज्ज्ञांनी पोलादात सिलिकॉनचे प्रमाण वाढवून ही गळती रोखली. त्यामुळे दर चौरस मिलिमीटरला १८० किलोंहून अधिक भार सोसणारी तार मिळाली आणि १,९९१ मीटरच्या गाळ्यासाठी चारऐवजी दोनच दोर पुरले. बळ आणि संरक्षण यांचा विचार एकत्र केला, तर काय साधते याचा हा नमुना आहे.

आपल्याकडेही नियमांची वानवा नाही. तारांच्या गोफासाठी आयएस १४२६८ हे मानक आहे; इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत समुद्रकाठच्या तीव्र परिस्थितीसाठी काँक्रीटची वेगळी प्रत आणि आवरण सांगितले आहे; पुलांच्या तपासणीची मार्गदर्शक पुस्तिकाही आहे. प्लास्टिकच्या नळ्या, कारखान्यात तयार झालेले ग्राउट, मेणात बुडवून आवरण घातलेले गोफ, एकेक गोफ काढून बदलता येईल अशी तिरप्या दोरांची रचना, हे सारे तंत्रज्ञान देशात वापरले जात आहे. उणीव आहे ती पूल बांधून झाल्यानंतरच्या पन्नास-शंभर वर्षांच्या जबाबदारीची.

सागरी महामार्गाच्या निमित्ताने तीन गोष्टी आताच पदरात पाडून घेता येतील. एक, प्रत्येक खाडीपुलाचा जन्मदाखला असावा. त्यात तारेची बॅच, तिचे चाचणी अहवाल, ताणताना झालेली लांबी आणि प्रत्येक नळीत गेलेल्या ग्राउटचे प्रमाण यांची नोंद असावी आणि ती पूल असेपर्यंत जपली जावी. बांधकामानंतर वीस वर्षांनी येणाऱ्या अभियंत्याला पहिला प्रश्न पडतो तो, आत नेमके काय आहे, हाच. दोन, तारा तपासता आणि बदलता येतील अशी जागा संकल्पचित्रातच ठेवावी आणि देखभालीचा निधी बांधकामाच्या कंत्राटासोबतच बाजूला काढावा. उद्घाटनानंतर निधी मागण्याची वेळ आली, की तो नव्या उद्घाटनांशी स्पर्धेत हरतो. तीन, तपासणीचे निष्कर्ष जनतेसाठी खुले असावेत. पूल शाबूत आहे, एवढे एका ओळीचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. काय पाहिले, कसे पाहिले आणि काय पाहता आले नाही, हेही सांगितले गेले पाहिजे.

या मागण्यांना खर्च येईल, हा आक्षेप अपेक्षित आहे आणि तो खराही आहे. मात्र तो खर्च कशाच्या तुलनेत मोजायचा, हे ठरवावे लागेल. पूल बंद झाला की कोकणात त्याचा अर्थ वीस-तीस किलोमीटरचा वळसा असा होतो. तो वळसा बाळंतिणीच्या गाडीला पडतो, मासळीच्या टेम्पोला पडतो आणि शाळेच्या पोरांनाही पडतो. जत्रेच्या किंवा गणपतीच्या दिवसांत अशा पुलावर एकाच वेळी किती माणसे असतात, याची कल्पना कोकणी माणसाला देण्याची गरज नाही. मोरबीची गर्दीही सुट्टीच्या दिवसांतीलच होती.

धातुशास्त्राने आपले काम चोख बजावले आहे. मऊ आणि कठीण पदर एका रांगेत आणून त्याने पोलादाला दुर्मीळ बळ दिले आणि त्या बळावर आपण खाड्या ओलांडू लागलो. ही रांग टिकवण्याचे काम मात्र धातूवर सोपवता येत नाही. कालावलच्या खाडीवरून येणारा खारा वारा वर्षातले बाराही महिने वाहतो. त्याला निविदेची मुदत ठाऊक नसते. पुलांच्या देखभालीची नोंदवही तितक्याच सातत्याने भरली जाईल, एवढी हमी शासनाने या किनाऱ्यावरील लोकांना पहिली कोनशिला बसवण्यापूर्वी द्यायला हवी.